इंग्रजीत एमए झालं, पुढं काय? इंग्रजी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या वाटेला लागणाऱ्यांसाठी

"कावळ्यानं माठात खडे का टाकले?" असा प्रश्न इंग्रजी पेपरात, इंग्रजीतूनच विचारला होता. सातवीतल्या एका पोरानं खाली लिहिलं होतं, "पाणी वर यायला". मराठीत, तीन शब्द. त्यावर लाल शाईनं भोपळा. शेजारच्या मुलीनं उताऱ्यातलं भलतंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, पण ते इंग्रजीत होतं म्हणून तिला एक गुण मिळाला होता.

मानवत तालुक्यातल्या त्या शाळेत मी मावसभावाला डबा द्यायला गेले होते. गुरुजींना यायला वेळ होता म्हणून टेबलावरचे पेपर चाळत बसले. आता सांगा, इंग्रजी वाचून कळलं कुणाला? पेपर नेमकं काय तपासत होता, वाचन की लेखन? त्या दिवशी मला एवढंच वाटलं की पोरावर अन्याय झाला. असे प्रश्न सोडवणारं एक अख्खं शास्त्र आहे आणि त्यात नोकरीही करता येते, हे कळायला आणखी चार वर्षं गेली. ती चार वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही इंग्रजीत एमए केलेलं असेल, करत असाल किंवा बीएड करून सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेत असाल, असं धरून चालते.

१. आधी ठरवा: साहित्य की भाषा?

आपल्याकडे 'इंग्रजीत एमए' म्हणजे साहित्य. नाटक, कविता, कादंबरी, समीक्षा. भाषा कशी शिकवायची याचा एखादा पेपर असतो आणि तो 'स्कोअरिंग आहे' म्हणून घेतला जातो. मीही तसाच घेतला होता. या पेपरामागे दोन वेगळी क्षेत्रं आहेत. पहिलं ईएलटी, म्हणजे ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना ती कशी शिकवावी. दुसरं लँग्वेज टेस्टिंग किंवा असेसमेंट, म्हणजे त्यांना किती आलं ते कसं मोजावं. पहिल्यात थोडीफार गर्दी आहे. दुसऱ्यात आपल्या भागात शोधून माणूस सापडत नाही.

आणि खरं सांगायचं तर या अभ्यासाला मराठवाड्यासारखी जागा नाही. तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि २००० सालापासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी असल्यामुळं त्याच वर्षी ए-बी-सी-डी गिरवतं. देगलूरकडं घरात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, संभाजीनगर-नांदेडच्या कितीतरी घरांत दखनी आणि शाळेत उर्दू. पुस्तकातला 'सेकंड लँग्वेज लर्नर' आपल्याकडं क्वचितच भेटतो. इथं इंग्रजी तिसरी किंवा चौथी भाषा असते.

स्वतःची एक परीक्षा घ्या. पोरानं 'माय फादर इज फार्मर' लिहिलं की तुम्हाला राग येतो, की 'माझे वडील शेतकरी आहेत' यात इंग्रजीतला तो 'अ' (a) बसणार तरी कुठं, असा विचार मनात येतो? राग येत असेल तर साहित्यच बरं.

२. नोकऱ्या कुठं असतात

सीनिअर कॉलेजात इंग्रजीचा सहायक प्राध्यापक ही सगळ्यांना माहीत असलेली जागा. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. त्याशिवाय बीएड कॉलेजात इंग्रजी अध्यापनशास्त्र शिकवणारी पदं असतात, तिथं एमएसोबत एमएडही लागतं. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकला कम्युनिकेशन स्किल्स असतं. जिल्ह्याचं डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही सरकारी बाजू झाली. परीक्षा आणि चाचण्या बनवणाऱ्या कंपन्यांना प्रश्न लिहिणारी व तपासणारी माणसं लागतात. ते काम बहुतेक कंत्राटी असतं, पण घरून होतं आणि शिकायला भरपूर मिळतं.

३. नेट-सेट: टाळू नका

'मला टेस्टिंगमध्ये काम करायचंय, मग मिल्टन कशाला' असं म्हणून मी दोन वर्षं नेट पुढं ढकललं. तुम्ही ढकलू नका. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट ही देशपातळीवरची किंवा सेट ही राज्याची परीक्षा किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक.

नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, तीन तास सलग, निगेटिव्ह मार्किंग नाही. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. त्यातला पाचवा भाषा आणि तिचं अध्यापन, सहावा भारतातली इंग्रजी, आणि शेवटी संशोधन पद्धती. क्लासवाले हे घटक उरकतात. आपल्यासाठी हेच हातचे गुण, म्हणून तयारीची सुरुवात इथून करा. पहिल्या पेपरातही अध्यापन आणि मूल्यमापनावर प्रश्न असतात. राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. ती मराठी माध्यमातल्या मुलांना थोडी जवळची वाटते, पण राज्याबाहेर अर्ज करायचा तर नेटच लागते.

कॉलेजच्या जागेसाठी उमेदवारांची छाननी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या तक्त्यावरून होते. त्यात नेटला ८, सेटला ५, जेआरएफला (नेटमधूनच मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) १०, पीएचडीला २५ गुण आहेत. शिकवण्याच्या अनुभवाचे वर्षाला २, जास्तीत जास्त १०. आपले गुण आजच मांडून बघा. कमी कुठं पडतात ते लगेच दिसतं.

इथला सापळा: काही जण बीएड-एमएड आहे म्हणून 'शिक्षणशास्त्र' विषयात नेट देतात आणि मग इंग्रजी विभागाच्या जागेला अर्ज करतात. विषय जुळत नाही म्हणून अर्ज छाननीतच बाद होतो. ज्या विभागात नोकरी हवी, त्या विषयात नेट.

४. शिकायला जायचं कुठं

हैदराबाद. आपल्यासाठी पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद सोपं आहे. अजिंठा एक्सप्रेसला रात्री परभणीत बसलं की सकाळी तिथं. इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, १९५८ साली इंग्रजी शिक्षकांना घडवण्यासाठी संस्था म्हणून सुरू झालं आणि २००७ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथला इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा, ज्याला सगळे पीजीडीटीई म्हणतात, केलेली माणसं देशभर भेटतात. प्रवेश परीक्षा असते, त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र घरबसल्या होतं.

घराजवळही एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच पोरांना माहीत नसते. राज्याची इंग्रजीसाठीची संस्था, जिला जुने शिक्षक अजून 'स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश' म्हणतात, ती संभाजीनगरला. पुढं तिचं प्रादेशिक विद्या प्राधिकरण झालं. 'तेजस' या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या उपक्रमात जिल्हा परिषद शिक्षकांचे जे गट बांधले गेले, त्यांना 'टॅग' (टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप) म्हणतात. तालुक्यातल्या एखाद्या टॅगच्या बैठकीला विचारून जा आणि मागच्या बाकावर बसा. एमएच्या दोन वर्षांत मला जे कळलं नाही ते तिथं एका दुपारी कळलं. पहिलीच्या वर्गावरच्या बाई दोरी, चिंचोके आणि बाटलीची झाकणं घेऊन 'मोअर-लेस' शिकवून दाखवत होत्या.

इंग्रजी शिक्षकांची अखिल भारतीय संघटना, एल्टाय, १९७४ पासून चेन्नईहून चालते. सभासद व्हा. परिषदेला गेलात तर पेपर वाचून पळून येऊ नका, जेवणाच्या रांगेत ओळखी करा. पुढं बाहेरचे परीक्षक, शिफारसपत्रं सगळं त्याच रांगेतून येतं.

५. एक पेपर घ्या आणि उसवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला ना प्रवेश परीक्षा ना फी. एका वर्गाच्या तपासलेल्या ४० उत्तरपत्रिका मिळवा. ओळखीच्या मुख्याध्यापकांना विनंती करा, नावं झाका. एक्सेल उघडा. आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०. मग एकूण गुणांनुसार मुलं वरून खाली लावा. वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के बाजूला काढा, ४० मध्ये ती ११-११ येतात.

आता प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे काढायचे. बीएडच्या नोट्समध्ये त्यांना काठिण्यमूल्य आणि भेदनमूल्य म्हणतात. पहिला म्हणजे बरोबर उत्तरं भागिले एकूण मुलं. दुसरा म्हणजे वरच्या गटातली बरोबर उत्तरं वजा खालच्या गटातली, भागिले ११.

माझ्या पहिल्या पेपरात चौथा प्रश्न ४० पैकी ३१ जणांना आला होता, म्हणजे ०.७८. सोपा. पण वरच्या ११ पैकी ९ आणि खालच्या ११ पैकी ८ जणांना तो आला होता. भेदन ०.०९. हुशार आणि कच्चा यांच्यात तो प्रश्न काही फरकच करत नव्हता. भेदन साधारण ०.३ च्या वर असावं. सहाव्या प्रश्नाची गंमत तर निराळीच. वरच्या गटात ३ बरोबर, खालच्या गटात ६. भेदन उणे ०.२७! म्हणजे हुशार मुलं चुकत होती आणि कच्ची बरोबर येत होती.

उतारा विमानतळावरचा होता. प्रश्न होता, 'सरकता पट्टा कुठं दिसतो?' आणि पर्याय होते विमानतळ, कारखाना, बसस्टँड. त्या गावातली पोरं साखर कारखान्यावर जाऊन आलेली. उसाच्या मोळ्या पट्ट्यावरून वर जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. विचार करणाऱ्यांनी 'कारखाना' लिहिलं. ज्यांना विचार करायचा नव्हता त्यांनी उताऱ्यातला शब्द शोधून उतरवला. प्रश्नात 'उताऱ्यानुसार' एवढा एक शब्द राहिला होता. याला व्हॅलिडिटीचा प्रश्न म्हणतात. चाचणी जे मोजते असं आपण म्हणतो, तेच ती मोजते का? पुस्तकात ही व्याख्या मी दहादा वाचली होती. कळली ती त्या पट्ट्यावर.

दुसरा प्रयोग निबंधांवर करा. दहा निबंध घ्या, स्वतः पाचपैकी गुण द्या, मग तेच मित्राला तपासायला द्या, तुमचे गुण न दाखवता. माझ्यात आणि परभणीच्या मैत्रिणीत एका निबंधावर तीन गुणांचा फरक पडला. मग तेच निबंध, स्पेलिंगच्या चुकांसकट, टाईप करून पुन्हा तपासले. आणि माझेच गुण बदलले. सुंदर हस्ताक्षराला मी नकळत एकेक गुण देत होते, हे मला त्या दिवशी कळलं आणि लाजही वाटली. तुमचे गुण आणि दुसऱ्याचे गुण किती जुळतात हे मोजण्यासाठी कॅपा नावाचा आकडा आहे. जामोव्ही हे फुकटचं सॉफ्टवेअर चाचण्यांच्या विश्लेषणाचं बरंचसं काम करतं. पण पहिल्यांदा सगळं हातानंच करा.

तिसरी गोष्ट वॉशबॅक, म्हणजे परीक्षेचा शिकवण्यावर उलटा येणारा परिणाम. दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी, २० अंतर्गत. बोलणं-ऐकणं त्या वीसमध्ये. वीस गुण कुठं कसे दिले जातात हे तुम्ही शाळेत पाहिलं आहेच, मी वेगळं सांगत नाही. पण मग वर्गात बोलायला शिकवतं कोण? या एका प्रश्नावर पाच पीएचड्या होतील.

एक इशारा. युरोपातली २००१ सालची ए-१ ते सी-२ ही सहा पायऱ्यांची चौकट वाचली की नवखा माणूस खूश होतो आणि सातवीच्या वर्गाला 'ए-१' असं लेबल लावून टाकतो. आपली प्रश्नपत्रिका त्या पायऱ्यांशी जोडून दाखवणं हे फार मोठं काम आहे. नुसतं लेबल लावलंत तर परिषदेत पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

६. पीएचडी: विषय, गाईड, परवानग्या

संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे बामूकडे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वारातीम, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश देता येतो, त्यात ७० टक्के भार नेटचा आणि ३० टक्के मुलाखतीचा. विद्यापीठ पेट ही स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षाही घेतं, म्हणून दोन्ही जाहिरातींवर लक्ष ठेवा.

खरी अडचण गाईडची. नियमानं सहायक प्राध्यापकाला ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ च विद्यार्थी घेता येतात, आणि आपल्या बहुतेक गाईडांचं काम साहित्यातलं. मी तीन ठिकाणी गेले. इंग्रजी विभागातले सर म्हणाले, "टेस्टिंग हा एमएडवाल्यांचा विषय, मॅडम." शिक्षणशास्त्रात गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "इंग्रजीचं आहे ना? मग इंग्रजीत जा." बीड ते परभणी एसटीत बसून हे दोन वाक्यांत ऐकायचं आणि परत यायचं. शेवटी ज्यांनी घेतलं त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मला आकडे कळत नाहीत. आकड्यांसाठी माणूस तू शोध, भाषेचं मी बघतो." मला ते पुरेसं होतं. हैदराबादला झालेल्या ओळखीतून आकड्यांचा माणूस मिळाला.

कोणत्या विद्याशाखेत नोंदणी करता हे फार जपून ठरवा. उद्या इंग्रजी विभागात नोकरी हवी असेल तर पीएचडी इंग्रजीतच हवी, मग विषय मूल्यमापनाचा असला तरी चालतो. शीर्षकात 'लँग्वेज' हा शब्द राहू द्या.

विषय लहान घ्या. 'अमुक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांचा इंग्रजीकडे पाहण्याचा दृष्टिकोन' या साच्याचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर ढिगानं आहेत, संध्याकाळी बसून मोजा. त्यापेक्षा 'मराठीत उत्तर लिहायची मुभा दिली तर सातवीतल्या मुलांच्या इंग्रजी वाचनाबद्दल वेगळं काय कळतं' हा एवढासा विषय पुरतो. माझा साधारण असाच होता. कावळा तिथंच परत आला.

शाळेत काम करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची लेखी संमती घ्या. संमतीपत्र मराठीत आणि अर्ध्या पानात. तांड्यावर ते वाचून दाखवावं लागतं, अंगठा चालतो. मुलांची नावं वहीत लिहू नका, कोड द्या.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. धारूर तालुक्यातल्या एका शाळेत ऑगस्टमध्ये पहिली चाचणी घेतली, मुलं ४६. दुसरी चाचणी जानेवारीत घेतली, मुलं २९. बाकीची ऊसतोडीला आई-बापाबरोबर कारखान्यांवर गेलेली. बीडची असून मला हे सुचलं नाही! गाईडना वाटलं, राहिलेल्या २९ वर काम भागेल. भागत नाही. गेलेली मुलं आणि राहिलेली मुलं सारखी नसतात, ज्यांचं घरी बघायला आजी-आजोबा आहेत ती राहतात. तुमचा निकाल आपोआप गोड येतो आणि खोटा येतो. मी ते वर्ष सोडून दिलं आणि पुढच्या वर्षी दोन्ही चाचण्या जून ते दसरा यामध्ये बसवल्या. तुमचं वेळापत्रक विद्यापीठाच्या कॅलेंडरवरून आखू नका, कोयत्यावरून आखा.

पैशांचं: जेआरएफ मिळाली तर महिना ३७,०००. नसेल तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती बघत राहा. नोंदणीची तारीख आणि जाहिरातीची तारीख यांचा मेळ बसला नाही म्हणून वर्ष हुकलेले कितीजण मला माहीत आहेत.

लेखांचं: 'दोन दिवसांत पेपर छापून, सर्टिफिकेटसह' असे मेसेज येतील. इम्पॅक्ट फॅक्टर लिहिलेला असेल, तो कुणी दिला हे नसेल. मी एकदा पैसे भरले. तो लेख आज मी माझ्या बायोडाटात लिहीत नाही. प्रबंध जमा करण्यासाठी लेख छापणं ही आता यूजीसीची सक्ती नाही, त्यामुळं घाई कशाची? आणि उचलेगिरीची तपासणी होतेच, १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, तेही फुकट आहे.

७. सीएचबीची वर्षं

यातून बहुतेकांना जावं लागतं, मलाही जावं लागलं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि मानधन कधी यायचं ते विचारू नका. पण वर्ग तुमच्या हातात असतो, त्याचा उपयोग करून घ्या. बीए पहिल्या वर्षाच्या मुलांची दर पंधरा दिवसांनी दहा गुणांची छोटी चाचणी घ्या आणि वर सांगितलं तसं तिचं विश्लेषण ठेवा. वर्षाच्या शेवटी तुमच्याकडं स्वतःच्या प्रश्नांची पेढी तयार होते.

सापळा एकच, पण मोठा: नेमणुकीचं पत्र आणि विद्यापीठाची मान्यता, दोन्ही कागद हातात नसतील तर तो अनुभव मुलाखतीत कुणी धरत नाही. माझं एक वर्ष असंच गेलं. 'मान्यता येईल, पाठवलीय' हे वाक्य जूनपासून मार्चपर्यंत ऐकलं. दर महिन्याला कार्यालयात जाऊन विचारा, वाईटपणा आला तरी चालेल.

८. एका फाईलीत ठेवायचे कागद

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं. एमएला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ५०. ग्रेड असतील तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र.
- नेट/सेट प्रमाणपत्र.
- जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर. नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपते, जाहिरात यायच्या आधी नवं काढा.
- रहिवास दाखला, एमएससीआयटी.
- लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत. मैत्रिणींनो, हे आधी करा. एका नावानं नेट आणि दुसऱ्या नावानं पीएचडी असली की छाननीच्या टेबलावर घाम फुटतो.
- सीएचबीची नेमणूकपत्रं, विद्यापीठ मान्यता, अनुभवाचं प्रमाणपत्र.
- छापलेल्या लेखांच्या पहिल्या पानासह प्रती.
- पीएचडी झाली असेल तर ती कोणत्या नियमावलीप्रमाणं झाली याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र.

स्कॅन करून फोनमध्ये, मेलमध्ये आणि पेनड्राइव्हवर, तिन्हीकडं ठेवा.

९. मुलाखत

"स्पेशलायझेशन काय?" असं विचारतील. 'लँग्वेज टेस्टिंग' म्हणालात की टेबलापलीकडं क्षणभर शांतता पसरते. लगेच पुढं जोडा: "सर, तुमच्या कॉलेजच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाला पंचवीस मिनिटांची इंग्रजी चाचणी लावून कच्ची मुलं पहिल्याच महिन्यात वेगळी काढता येतील, नमुना आणलाय." आणि खरंच नमुना काढून टेबलावर ठेवा. साहित्यावरचे प्रश्न येणारच, एक नाटक आणि एक कवी पक्का करून जा. पाठ घ्यायला सांगितला तर उपपदं घ्या, मराठीशी तुलना करून. हा पाठ आपल्याइतका चांगला कुणाला जमत नाही.

काही ठिकाणी मुलाखतीच्या आधीच 'तयारी किती?' असं विचारतात. ती अभ्यासाची नसते हे तुम्हालाही कळतं. एका संस्थेत मला विचारलं गेलं, मी चहा न पिता उठले. माझ्यामागं घर होतं म्हणून उठता आलं, हेही खरं. पण जमीन विकून भरलेले आणि तरीही अडकलेले लोक मी पाहिलेत. तेवढं डोळ्यासमोर ठेवा.

१०. बाहेर जायचं असेल तर

ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठात इंग्रजी अध्यापनाच्या एमएसाठी हॉर्नबी ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे. ती नोकरीत असलेल्या अनुभवी शिक्षकांसाठी असते, त्यामुळं सीएचबीची वर्षं इथं कामाला येतात. टेस्टिंगच्या संशोधनासाठी लँकेस्टरचं नाव मोठं.

अमेरिकेत 'इंग्लिश लर्नर' ही कायद्यातली संज्ञा आहे. तिथल्या २०१५ च्या शिक्षण कायद्याप्रमाणं अशा मुलांची इंग्रजी दरवर्षी तपासावीच लागते. म्हणून तिथल्या शिक्षणशास्त्र विभागांत याच कामासाठी प्राध्यापक नेमले जातात. जागांच्या जाहिराती साधारण ऑगस्टनंतर येऊ लागतात. अर्जात बायोडाटा, अर्जपत्र, संशोधनाविषयी एक आणि अध्यापनाविषयी एक निवेदन, आणि तीन शिफारसपत्रं. तांडा, ऊसतोड, तिसरी-चौथी भाषा हे सगळं त्या निवेदनात सविस्तर लिहा. आपल्याला ते रोजचं वाटतं, निवड समितीला नवं असतं.

आणि शिफारसपत्रांचं काम दोन महिने आधी सुरू करा. आपल्याकडं सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तिन्ही पत्रं एकाच हातची दिसली की अर्ज तिथंच संपतो. शिवाय तिकडचं विद्यापीठ पत्र थेट सरांच्या मेलवरून मागवतं, आणि सरांचा मेल बऱ्याचदा त्यांचा मुलगा बघतो. मी एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेले, बाईंनी पोहे केले, आणि सर बोलत गेले, मी टाईप करत गेले. दुपारी एक वाजता त्यांच्याच बोटानं 'सबमिट' दाबून घेतलं आणि मगच उठले.